क्वेबेकची पी-वी स्पर्धा आणि हरून घरी येणारी मुलं



फेब्रुवारी महिना आला की आपल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची आवराआवर, परीक्षेची तयारी आणि २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाची धांदल असते. नेमक्या त्याच दिवसांत कॅनडातल्या क्वेबेक शहरात अकरा-बारा वर्षांची मुलं स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढत उतरत असतात. रात्री तिथलं तापमान शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज जातं. ही मुलं येतात ती 'क्वेबेक आंतरराष्ट्रीय पी-वी हॉकी स्पर्धे'साठी. १९६० साली ही स्पर्धा सुरू झाली आणि बर्फावरच्या हॉकीत मुलांची सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. शंभराहून जास्त संघ, दोन हजारांच्या घरात मुलं, जवळपास दोन आठवडे चालणारे सामने. शहरातला हिवाळी कार्निव्हलही त्याच सुमारास असतो, त्यामुळे सगळं गाव जत्रेसारखं फुललेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीगृहात आणि मासळीबाजारात. हे आपल्या काय कामाचं? तर मला इथे खेळाचे नियम शिकवायचे नाहीत. मुलांची स्पर्धा कशी भरवावी आणि कशी भरवू नये, या दोन्ही गोष्टी या एकाच स्पर्धेच्या निमित्ताने दिसतात आणि त्यावर मला माझं मत मांडायचं आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

आधी खेळाची थोडक्यात ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. पायात धारदार पात्याचे स्केट, हातात लांब स्टिक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात. खेळ इतका दमवणारा की साधारण मिनिटभर खेळलं की बाहेर यायचं आणि बाकावरच्या दुसऱ्याने आत जायचं, तेही खेळ न थांबवता. 'पी-वी' म्हणजे चिमुकले. हा अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा गट. कॅनडात आता अधिकृतपणे त्याला 'तेरा वर्षांखालील' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. आपल्याकडे नाही का, कागदावर इयत्ता पहिली असली तरी आजी 'बिगारी' म्हणते!

या स्पर्धेचं कौतुक वाचायला गेलात तर पहिल्यांदा नावं समोर येतात. गी लाफ्लर इथे १९६२ पासून तीन वर्षं खेळला. थुर्सो नावाच्या छोट्या गावातला मुलगा, पुढे माँट्रियल संघाबरोबर पाच वेळा स्टॅनली कप जिंकला. १९७४ मध्ये वेन ग्रेट्झकी आला. मारिओ लेम्यूही इथलाच. पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेलेले शेकडो खेळाडू लहानपणी या बर्फावर खेळून गेले आहेत. मग साहजिकच पालक म्हणतात, 'तिथे खेळला म्हणजे मोठा होणार.' आपल्याकडे स्कॉलरशिपच्या गुणवत्ता यादीबद्दल किंवा नवोदयच्या निवडीबद्दल आपण अगदी याच सुरात बोलतो.

मला मात्र या नावांपेक्षा एक आकडा जास्त बोलका वाटतो. १९७४ साली ग्रेट्झकीच्या ब्रँटफर्ड संघाने अमेरिकेतल्या टेक्सासहून आलेल्या एका संघाला हरवलं, २५ विरुद्ध ०. पंचवीस! हा सामना आजही सांगितला जातो तो ग्रेट्झकीची गोष्ट म्हणून. पण बर्फावर त्या दिवशी दुसरा संघही होता ना? टेक्सास म्हणजे उन्हाचा मुलूख. तिथून दूरवरचा प्रवास करून आलेली बारा वर्षांची मुलं, हजारो लोकांसमोर पंचवीस वेळा आपल्या गोलमधून पक बाहेर काढताना पाहणारी. त्यातल्या गोलरक्षकाचा विचार करा. तो त्या रात्री जेवला का? त्याच्याशी कोण काय बोललं? इतिहासात याची नोंद नाही, आणि शिक्षक म्हणून माझं लक्ष नेमकं तिथेच अडकतं.

कारण हिशेब सरळ आहे. एका गटात तीस संघ असतील तर एक जिंकतो आणि एकोणतीस हरून घरी जातात. क्वेबेक असो नाहीतर आपली केंद्रस्तरीय कबड्डी, स्पर्धा ही मुख्यतः हरणाऱ्या मुलांची असते. मग ती भरवताना आपण विचार मात्र जिंकणाऱ्याचा का करतो? ढाल किती उंच, प्रमुख पाहुणे कोण, फोटोत मधे कोण उभं राहणार, बैठकीतला सगळा वेळ यातच जातो.

आणि इथेच क्वेबेकच्या स्पर्धेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. बाहेरून आलेल्या मुलांना तिथल्या कुटुंबांत ठेवण्याची जुनी परंपरा आहे. एकेका घरात दोन-तीन मुलं. हे शहर फ्रेंच बोलणारं. येणाऱ्या कित्येक मुलांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही, आणि घरातल्या आजीला मुलांची भाषा येत नाही. तरी सकाळी नाश्ता होतो, ओले मोजे हीटरजवळ वाळत पडतात, घरातल्या मुलांबरोबर अंगणातल्या बर्फात खेळ होतो, आणि सामन्याला घरमालक मंडळी 'आपल्या' पोरांसाठी ओरडायला जातात. सामना हरला तरी मूल एकदम हॉटेलच्या रिकाम्या खोलीत जात नाही. ते एका घरात जातं, जिथे कुणीतरी त्याच्यापुढे ताट ठेवतं. कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं हे करत आली आहेत. लहानपणी ज्यांच्या घरी पाहुणी मुलं राहिली, ती मोठी होऊन स्वतः आपलं घर उघडतात.

जोडीला बिल्ले असतात. प्रत्येक संघ आपल्या नावाचे छोटे धातूचे बिल्ले घेऊन येतो आणि मुलं ते एकमेकांशी बदलतात. 'तुझा एक, माझा एक.' त्यासाठी समोरच्याशी बोलावं लागतं, खाणाखुणा कराव्या लागतात, घासाघीस करावी लागते. मैदानावर ज्याच्याकडून हरलो त्याच्याकडचाही बिल्ला हवाच असतो. मुलांना एकत्र आणण्यासाठी याहून स्वस्त आणि हुशार युक्ती मला तरी माहीत नाही. आम्ही प्रशिक्षणात 'आइस ब्रेकिंग' नावाखाली टाळ्या वाजवतो त्यापेक्षा नक्कीच बरी! (आणि बर्फही तिथे खराखुरा असतो.)

या घरांची खरी परीक्षा २०२३ साली झाली. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला आणि लाखो आया मुलांना घेऊन शेजारच्या देशांत गेल्या. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे कित्येक मुलांचे वडील मागेच राहिले. युरोपभर पांगलेल्या अशा अकरा-बारा वर्षांच्या मुलांना गोळा करून एक संघ बांधला गेला, आधी रुमानियात सराव झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हा संघ क्वेबेकला पोहोचला. ११ फेब्रुवारीला बोस्टनच्या ज्युनिअर ब्रुइन्स संघाशी त्यांचा पहिला सामना झाला. युक्रेनची मुलं ३-१ ने जिंकली आणि प्रेक्षकांनी उभं राहून त्यांचं कौतुक केलं. बातम्यांमध्ये हा विजय आला, तो यायलाच हवा होता. पण माझ्या मते जास्त मोठी गोष्ट अशी की ही मुलं राहिली ती इतर संघांसारखीच, लोकांच्या घरांमध्ये. रोज फोनवर वडिलांचा आवाज ऐकायची वाट पाहणाऱ्या मुलाला त्या दिवसांत एक चालतं-बोलतं घर मिळालं. ती मुलं तो सामना ०-१० ने हरली असती तरी ते घर तितकंच खरं राहिलं असतं.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. ग्रामीण भागातल्या शिक्षकांना हे चित्र परकं वाटणार नाही. आमच्या तालुक्यात दोन दिवसांची क्रीडा स्पर्धा एका छोट्या गावात झाली होती, तेव्हा तिथल्या बायकांनी ठरवून मुलं वाटून घेतली. एका घरी तीन, एका घरी चार. भाकरी, पिठलं, ठेचा, शेवटी गुळाची पोळी. माझ्या चौथीच्या मुलांचा लंगडीचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला होता. परत आल्यावर मी फळ्यावर 'आमची स्पर्धा' असा विषय लिहिला आणि अनुभवलेखन करायला सांगितलं. बावीस वह्यांपैकी हरण्याबद्दल फक्त दोघांनी लिहिलं. बाकीच्यांच्या वहीत त्या घरची म्हैस होती, माळ्यावरचे कांदे होते, 'त्या काकूंनी मला परत वाढलं' असं वाक्य होतं. एका मुलीने त्या घरातल्या आजीचं पूर्ण नाव लिहिलं होतं, गुण कुणाला किती पडले ते मात्र तिला आठवत नव्हतं. हल्ली मात्र कंत्राट देऊन पुलावाची पाकिटं येतात. सोय आहे, मान्य. पण मुलं मैदानाच्या कडेला आपापल्या शाळेचा गोल करून खातात आणि हरलेला संघ दुपारी बारा वाजता टेम्पोत बसून निघून जातो. कुणाची कुणाशी ओळख होत नाही.

क्वेबेकचं सगळंच गोड आहे असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. हा खेळ महागडा आहे. स्केट, हेल्मेट, पॅड, बर्फाच्या मैदानाचं भाडं, प्रवास, यात गरिबाचं मूल फार मागे राहतं. आणि पालक? तिथलेही आपल्यासारखेच. दहा वर्षांच्या ग्रेट्झकीने १९७१-७२ च्या हंगामात ३७८ गोल केले, तेव्हा त्याच्याच गावातले मोठे लोक, इतर मुलांचे आई-बाप, त्याची हुर्यो उडवत असत. शेवटी चौदाव्या वर्षी घर सोडून तो टोरांटोला खेळायला गेला. जो पुढे खेळातला सर्वांत मोठा मानला गेला, त्यालासुद्धा मोठ्यांच्या जिभेने गावाबाहेर घालवलं. आपल्या मुलाच्या वर्गात कुणी दरवेळी पहिला येतो म्हणून त्याच्याबद्दल घरी काय बोललं जातं, हे पालकांनी एकदा आठवून पाहावं.

कॅनडातल्या मुलांच्या हॉकीने शिक्षणशास्त्राला दिलेली एक गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यायला हवी. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या पातळीवरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू भरमसाट आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले अगदी कमी. ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. तिथे वयोगट ठरवताना ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, वजन, समज सगळ्यातच फरक. मोठं मूल 'हुशार' वाटतं, त्याची निवड होते, त्याला जास्त सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग ते खरोखरच पुढे जातं. ग्रेट्झकी २६ जानेवारीचा. लाफ्लर मात्र २० सप्टेंबरचा, म्हणजे हा काही अटळ नियम नाही. पण कल मोठा आहे.

आता आपला पहिलीचा प्रवेश बघा. महाराष्ट्रात सहा वर्षं पूर्ण झाली का ते कोणत्या तारखेला मोजतात? ३१ डिसेंबरलाच! माझ्या वर्गात जानेवारीतली आणि डिसेंबरातली मुलं एकाच बाकावर बसतात आणि जूनमध्येच आपण म्हणून मोकळे होतो, 'हा चुणचुणीत आहे, ती जरा मंद आहे.' पहिली-दुसरीच्या हजेरीपटात जन्मतारखेसमोर एकदा नीट बघा. 'मंद' म्हटलेली किती मुलं वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतली निघतात ते तपासा. शिक्षकांनी एकदा तरी हा उद्योग करावाच, तासाभराचंही काम नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथल्या मोठ्यांची आवडते: पुरावा समोर आल्यावर त्यांनी नियम बदलला. बर्फावरच्या हॉकीत अंगावर जाऊन धडक मारायची मुभा असते. क्वेबेक प्रांतात पी-वी वयाच्या मुलांना ती नव्हती, अल्बर्टा प्रांतात होती. कॅल्गरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमेरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मिळून दोन हजारांहून जास्त मुलांची तुलना केली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: धडकेला परवानगी असलेल्या प्रांतात सामन्यांतल्या दुखापतींचा धोका तिपटीहून अधिक, मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचाही तसाच. 'आम्ही लहानपणी मार खाऊनच खेळलो, काही बिघडलं नाही,' असं म्हणणारे तिथेही भरपूर होते. तरी २०१३ साली हॉकी कॅनडाने संपूर्ण देशात या वयोगटासाठी धडक बंद केली. 'आम्हीसुद्धा छड्या खाऊनच शिकलो' हे वाक्य आपल्या कट्ट्यावर अजून किती वेळा ऐकू येतं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

शिक्षेवरून आठवलं. या खेळात किरकोळ चूक केली तर खेळाडूला दोन मिनिटं बाहेर एका खोक्यात बसवतात. दोन मिनिटं झाली की दार उघडतं, तो परत आत. पुढच्या सामन्यात कुणी टोमणा मारत नाही. आपल्याकडे सोमवारी गृहपाठ विसरलेलं मूल शुक्रवारपर्यंत 'तोच तो' असतं!

मुलींचं एक उदाहरण सांगून पुढे जाते. १९८४ मध्ये मॅनॉन रेऑम नावाची मुलगी मुलांच्या संघाची गोलरक्षक म्हणून या स्पर्धेत उतरली. अशी ती पहिलीच. तिने पुढे १९९२ मध्ये एनएचएलच्या सरावी सामन्यात टँपा बे संघाचं गोल राखलं आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडासाठी रौप्यपदक मिळवलं. अकराव्या-बाराव्या वर्षी कुणीतरी 'खेळू दे तिला' म्हटलं होतं. आपल्या देशात लडाखच्या मुलींनी गोठलेल्या तळ्यांवर हाच खेळ शिकून काढला, आणि २०२५ च्या आशिया चषकात भारताच्या महिला संघाने कांस्यपदक आणलं, त्यात बहुतेक मुली लडाखच्याच. भूगोलाच्या तासाला 'शीत वाळवंट' शिकवताना हेही सांगा, मुलांचे डोळे चमकतात.

तर मग माझं म्हणणं काय? मुलांच्या स्पर्धेचं मूल्यमापन करायचं असेल तर विजेत्याला विचारू नका. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलाला आठवडाभराने विचारा, 'तुला काय आठवतं?' त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर स्पर्धा चांगली झाली. क्वेबेकमध्ये त्याच्याकडे एक घर असतं, खिशात परक्या गावाचे बिल्ले असतात.

हे आपल्याला खर्चाशिवाय जमण्यासारखं आहे. आमच्या केंद्राच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. हरलेल्या संघांनी दुपारपर्यंत थांबायचं आणि त्यांचे आपापसात मैत्रीचे सामने लावायचे, पंच मोठ्या वर्गातली मुलं. प्रत्येक शाळेने कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे बिल्ले करून आणायचे, शाळेचं नाव आणि गावाची एक खूण, म्हणजे कुणाचं वडाचं झाड, कुणाचा बंधारा. आणि जेवण गावातल्या घरांमध्ये, एका घरी किमान तीन मुलं, दोन वेगवेगळ्या शाळांची मिसळून.

तिसऱ्या मुद्द्यावर हरकती येतील हे मला माहीत आहे. मुलींची सुरक्षितता, खाण्यातून बाधा झाली तर जबाबदारी कोणाची, कोणत्या घरी कोणाचं मूल जेवायला बसेल आणि कोणत्या घरी बसणार नाही. पहिल्या दोन हरकती रास्त आहेत, त्यांची व्यवस्था करता येते. घरांची यादी आधी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवायची, पालकांची लेखी संमती घ्यायची, दर चार-पाच घरांमागे एक शिक्षक फिरता ठेवायचा, कुणी एकटं मूल पाठवायचं नाही. तिसरी हरकत सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही, चहाच्या वेळी हळूच कानात सांगतात. तिच्यावर मी चिठ्ठ्यांचा उपाय सुचवणार आहे. घरांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात, आणि त्या काढायच्या मुलांनी.